मेंढरें पाळूं इच्छिणारांस चार शब्द

सन २०२० च्या टाळेबंदींत शहरांतील कामधंदे बंद पडले आणि पोटासाठीं मुंबई-पुण्याकडे गेलेलीं असंख्य कुटुंबें आपापल्या गांवीं परत आलीं. त्यांपैकीं बहुतेक पुढें पुन्हां शहरांत गेलीं. कांहीं मात्र राहिलीं. राहिलेल्यांत आम्ही उभयतां आहों. मुंबईस एका कचेरींत बावीस वर्षें कारकुनी केल्यावर अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) जिल्ह्यांतील आमच्या वडिलार्जित तीन एकर जिराईत जमिनीवर येऊन बसलों. या भागांत पाऊस सालीना पांचशें मिलिमीटरांच्या आसपास, तोहि लहरी. विहीर आहे, पण माघ संपतां संपतां तिचा तळ दिसूं लागतो. अशा जमिनीवर केवळ बाजरी-मठावर दोन माणसांचें वर्ष निघत नाहीं, हें पहिल्याच हंगामांत कळून चुकलें. म्हणून आम्हीं मेंढरें घेतलीं.

आतां आमच्यासारखेच कोणी कोणी येऊन विचारतात कीं, "आम्हांसहि दहा-पांच मेंढरें घ्यावयाचीं आहेत, कशीं घ्यावीं?" प्रत्येकास तेंच तें सांगण्यापेक्षां एकदां लिहून काढावें, एवढाच या लेखाचा हेतु. ज्यांच्या घरीं पिढ्यान् पिढ्या कळप आहेत, त्यांनीं हें वाचून हंसावें. आमची हरकत नाहीं. हा पाठ आमच्यासारख्या अजाण माणसांसाठीं आहे, आणि यांतील बराच भाग आम्हीं मेलेल्या मेंढरांकडून शिकलों आहों.

पहिली चूक आम्हीं बाजारांत केली. दिवाळीनंतरच्या एका आठवडे-बाजारीं चौदा मेंढ्या आणि एक मेंढा एकदम विकत घेतला. विकणारानें मेंढरें धुवून आणलीं होतीं, पोटें भरलेलीं होतीं, आणि "सगळ्या दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या" असें तो शपथेवर सांगत होता. आम्हीं लोकर पाहिली, डोळे पाहिले, भाव केला. परंतु एकाहि मेंढीचें तोंड उघडून पाहिलें नाहीं. घरीं आल्यावर शेजारच्या वस्तीवरील एक वृद्ध धनगर पाहावयास आले. वयामुळें त्यांचे गुडघे गेले आहेत, म्हणून त्यांची मुलें वाडा घेऊन कोंकणांत उतरतात तेव्हां ते मागें घरींच राहतात. त्यांनीं एकेका मेंढीचा खालचा ओठ अंगठ्यानें खालीं ओढला, आणि चार मेंढ्या बाजूला काढून म्हणाले, "दादा, ह्या चार म्हाताऱ्या तुम्ही माझ्यासारख्याच घेतल्यात."

तेव्हां दांतांचा हिशेब प्रथम शिकावा. मेंढीच्या वरच्या जबड्यास पुढें दांत नसतातच. तेथें नुसती कठीण हिरडी असते. खालीं आठ दांत असतात. कोकराचे आठहि दांत दुधाचे, बारीक. सव्वा ते दीड वर्षाच्या सुमारास मधले दोन पडून त्यांच्या जागीं दोन रुंद दांत येतात. अशा मेंढीस दोनदाती म्हणतात. दुसऱ्या वर्षाच्या पुढेंमागें चार, तिसऱ्याच्या सुमारास सहा आणि चौथ्याच्या सुमारास आठहि दांत कायमचे होतात. याच्या पुढें वय सांगतां येत नाहीं; पण दांत झिजतात, फांकतात व पडूं लागतात. दांत गेलेली मेंढी दावणीस भरड्यावर कांहीं दिवस जगेल, परंतु माळावरचें आखूड गवत तिला तोडतां येत नाहीं, आणि जें गवत तोडूं शकत नाहीं तें जनावर आमच्या उपयोगाचें नाहीं. आमच्या त्या चारांपैकीं दोन पहिल्याच उन्हाळ्यांत गेल्या.

दांतांनंतर कास पाहावी. ती मऊ असावी. गांठ लागली तर समजावें कीं ते सड एकदां सुजून गेलेलें आहे, आणि त्यांतून कोकरास दूध मिळणार नाहीं. मग खुरें पाहावीं, नाक पाहावें, शेंपटीखालचा भाग हगवणीनें माखला आहे काय तें पाहावें. शक्य तर बाजारांतून घेऊंच नये; ओळखीच्या एकाच कळपांतून घ्यावीं. आणि कोठूनहि आणलीं तरी निदान तीन आठवडे जुन्या मेंढरांपासून निराळीं बांधावीं, कारण कित्येक रोग विकत घेतलेल्या दिवशीं दिसत नाहींत, आठ-दहा दिवसांनीं दिसतात.

जातीविषयीं थोडें. आमच्या पठारावर दख्खनी मेंढी हीच मूळची. अंगानें हलकी, बहुधा काळी, लोकर राठ. परंतु चालण्यास काटक, आणि दुष्काळांत जें मिळेल त्यावर निभावणारी. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्याकडे माडग्याळ मेंढी आहे. ती उंच, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपक्यांची, पोपटासारख्या नाकाची. तिचीं कोकरें लवकर वाढतात व भाव चांगला येतो, म्हणून तिची सध्यां फार वाहवा आहे. वाहवा खरी, पण तिला खाणेंहि तसेंच लागतें.

तिसरा प्रकार फलटणचा, आणि त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. दख्खनी मेंढीस बहुधा एका वेतास एकच कोकरूं होतें. बंगालच्या सुंदरबनांत गारोळ नांवाची एक अगदीं लहान मेंढी आहे. तिला मात्र जुळीं होणें ही रोजची गोष्ट. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें ती मेंढी आणून दख्खनीशीं संकर केला, आणि पिढ्यान् पिढ्या निवड करून सुवर्णा नांवाची मेंढी तयार केली, जी पुष्कळदां जुळीं देते. जुळ्यांचा हा गुण एकाच जनुकावर अवलंबून आहे. ऑस्ट्रेलियांतील बुरुला नांवाच्या मेरिनो मेंढ्यांतहि हाच जनुक आहे, आणि सन १७९२-९३ मध्यें कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियांत नेलेल्या बंगाली मेंढ्यांतूनच तो तेथें गेला असावा, असें शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे सुंदरबनच्या चिखलांतील मेंढीनें समुद्रापलीकडे जाऊन नांव काढलें, आणि मग आम्हांस तिची ओळख पटली!

तथापि नवशिक्यानें आरंभीं जुळीं देणाऱ्या मेंढ्या घेऊं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. दोन कोकरें म्हणजे दुप्पट दूध, आणि दूध हवेंतून येत नाहीं. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यांत व व्याल्यावर दोन महिने तिला वरचें खाणें पुरवितां येत नसेल, तर दोन्ही कोकरें रोडावतात आणि आईहि खंगते. एक कोकरूं नीट जगविणें आधीं साधावें.

आतां हांकण्याविषयीं. पहिल्या दिवशीं मेंढरें वाड्यांत घालतांना आम्ही दोघें दोन बाजूंनीं हात पसरून धांवलों, आणि मेंढरें तिसऱ्या बाजूनें शेजाऱ्याच्या तुरींत गेलीं. म्हातारबाबा बांधावर बसून पाहत होते. ते म्हणाले, "मेंढरूं ढकलायचं नसतं, दादा, त्याला वाट दावायची असती." मेंढीचे डोळे डोक्याच्या बाजूंस असल्यामुळें तिला जवळ जवळ सभोंवार दिसतें, फक्त अगदीं पाठीमागचें दिसत नाहीं. म्हणून ठीक मागून येणाऱ्या माणसास ती बिचकते आणि वळून पाहते. माणसानें किंचित् बाजूस, तिच्या खांद्याच्या मागें राहून सावकाश चालावें. ती पुढें जाते. थांबावयाचें असेल तर तिच्या डोक्याच्या पुढें यावें. एक मेंढी निघाली कीं बाकीच्या निघतात. म्हणून सगळ्यांस हांकण्याऐवजीं एकीस दाणे दाखवून सवय लावावी. आमची अशी एक सोंवळी नांवाची मेंढी आहे. तिच्यामागें सबंध कळप ओढ्यापलीकडे जातो.

याच स्वभावामुळें आणखी एक गोष्ट कळते. मेंढरूं आपला आजार लपवितें. घोळक्यांतून जें मागें पडलें, किंवा सगळीं चरत असतां जें एकटें उभें राहिलें, तें आजारी आहे असें समजून त्याच वेळीं त्यास धरावें. "उद्यां पाहूं" म्हटल्यास उद्यां बहुधा तें आडवें पडलेलें असतें. रोज सकाळीं वाडा सोडतांना दारांत उभें राहून एकेक मेंढी बाहेर पडतांना मोजावी व पाहावी. कचेरींत बावीस वर्षें आम्हीं हजेरीपट भरला, त्याचा येथें एवढा उपयोग झाला.

घेतलेल्या मेंढ्यांपैकीं नऊ गाभण होत्या. मेंढीचा गाभणकाळ सुमारें पांच महिने, म्हणजे १४७ ते १५० दिवस. पौषांत त्या विऊं लागल्या. या कामीं आम्हीं पुस्तकें वाचलीं होतीं, आणि वाचलेलें सगळें एकदम करून पाहण्याची आम्हांस घाई होती. पहिली मेंढी रात्रीं अडल्यासारखी वाटली, म्हणून अर्ध्या तासांतच आम्हीं तिला धरून ओढाओढ केली. कोकरूं जिवंत निघालें. पण थंडी फार, म्हणून आम्हीं तें पुसून, गोणपाटांत गुंडाळून घरांत चुलीजवळ नेलें. सकाळीं आईजवळ परत नेलें तों तिनें त्याला हुंगलें आणि डोकें मारून लांब उडविलें. तिच्या लेखीं तें परकें झालें होतें. तीन दिवस आम्हीं तिला धरून तें पाजलें. चौथ्या दिवशीं तें गेलें.

त्याचें कारण मागाहून समजलें. आई कोकरास वासानें ओळखते, आणि हा वास ती व्याल्यानंतरच्या पहिल्या कांहीं तासांत, त्यास चाटतांना मनांत भरून घेते. त्या वेळांत कोकरूं दूर नेलें कीं तिचें नातें जुळत नाहीं. शिवाय पहिल्या चिकाची गोष्ट आहे. गर्भांत असतां मेंढीच्या कोकरास आईच्या रक्तांतून रोगप्रतिकाराची शक्ति मिळत नाहीं; ती सर्वस्वीं चिकांतूनच मिळते. आणि कोकराचें आंतडें ती शक्ति जशीच्या तशी आंत घेऊं शकतें तें फक्त पहिल्या दिवसापुरतें; तासागणिक तें दार मिटत जातें. म्हणून पहिल्या दोन तासांच्या आंत कोकराच्या पोटांत चीक गेलाच पाहिजे, आणि पहिल्या दिवसांत त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका तरी जावा. अडीच किलोच्या कोकरास पाव लिटर. आमच्या त्या कोकरास रात्रभर ऊब मिळाली, आणि जें हवें होतें तें मिळालें नाहीं.

मग काय करावें? बहुतेक वेळां कांहीं करूं नये. मेंढी एकटी, कोरड्या जागीं, वाऱ्याच्या आडोशाला ठेवावी व दुरून पाहावें. आधीं पाण्याची पिशवी दिसते, मग दोन पुढचे पाय आणि त्यांवर ठेवलेलें नाक. असें दिसलें म्हणजे सर्व ठीक आहे; ती आपली आपण वीते. पिशवी फुटून तासभर ती सारखी कळा देत असूनहि कांहीं दिसत नसेल, किंवा एकच पाय, अथवा नुसतें डोकें किंवा शेंपूट दिसत असेल, तर मात्र जाणत्या माणसास अगर पशुवैद्यास बोलवावें. कोकरूं पडल्यावर त्याच्या नाकातोंडावरील पडदा काढावा, नाळेस टिंक्चर आयोडीन लावावें, आईच्या प्रत्येक सडाची एक एक धार काढून त्याच्या टोंकाचा मेणासारखा बूच सुटला आहे याची खात्री करावी, आणि बाजूस व्हावें. कोकरास थंडीच वाजत असेल तर शेगडी आईजवळ न्यावी, कोकरूं शेगडीजवळ नेऊं नये. बाकीच्या आठ मेंढ्या अशा रीतीनें व्याल्या. त्यांतलें एक कोकरूं मेलेलेंच जन्मलें, सात वांचलीं.

खाण्याच्या बाबतींत दोन-तीन धोके येथें सांगून ठेवतों. मेंढीस ज्वारी-बाजरीचा भरडा आवडतो, म्हणून गोणी उघडी राहूं देऊं नये. रवंथ करणाऱ्या जनावराच्या मोठ्या पोटांत गवत पचविणारे सूक्ष्म जीव असतात. एकदम पुष्कळ दाणा गेला कीं तेथें आंबट रस होऊन ते जीव मरतात आणि मागोमाग जनावरहि मरतें. दाणा वाढवावयाचा तो आठ-दहा दिवसांत मुठीमुठीनें वाढवावा. दुसरा धोका ज्वारीच्या कोवळ्या फुटव्याचा. कापलेल्या ज्वारीच्या खोडांतून फुटणारे किंवा पाऊस ओढल्यानें सुकूं लागलेले कोवळे पोंगे यांत जें द्रव्य असतें, त्यापासून पोटांत जहाल विष होतें. जनावर धापा टाकीत पडतें आणि कांहीं वेळां अर्ध्या तासांतच मरतें. तिसरी गोष्ट सुबाभळीची. पाला पौष्टिक खरा, परंतु रोज भरपूर घातल्यास मेंढीची लोकर गळूं लागते. एकंदर खाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून तो अधिक नसावा. बाभळीच्या शेंगा मात्र उन्हाळ्यांत मोठा आधार. त्या वेंचून सांठवाव्या. गाईम्हशींचें क्षारमिश्रण मेंढ्यांस देऊं नये. त्यांत तांबें अधिक असतें, आणि मेंढीच्या यकृतांत तें सांठत जाऊन एके दिवशीं घात करितें. मेंढ्यांसाठीं निराळें मिळतें, तें मागून घ्यावें. आणि दसऱ्यानंतर कुसळी गवत पिकलें कीं त्यांत चारूं नये. कुसळें लोकरींतून कातड्यांत शिरतात व तोंडांतहि रुततात.

आतां मुख्य गोष्ट. या लेखांतील बाकीचें सर्व विसरलें तरी चालेल.

सन २०२१ चा पावसाळा चांगला झाला. तीन एकरांपैकीं दीड एकर आम्हीं चराईस राखून तारेचें कुंपण घातलें होतें. हिरवेंगार गवत, त्यांत आमचीं मेंढरें दिवसरात्र मोकळीं. पाहून समाधान वाटे. रानांत हिंडविण्याचा त्रास नाहीं, शेजाऱ्यांशीं तंटा नाहीं. बाबा एकदां म्हणाले, "एकाच ताटांत किती दिस जेवायचं?" आम्हांस त्याचा अर्थ कळला नाहीं. श्रावणाच्या शेवटीं एक मेंढी मागें पडूं लागली. गवत खात होती, हगवण नव्हती, अंगावर ताप नव्हता. तिच्या जबड्याखालीं एक मऊ फुगवटा आला. सकाळीं कमी, संध्याकाळीं अधिक. आम्हांस वाटलें, कांहीं चावलें असेल. ती पांचव्या दिवशीं मेली. मग दुसरी, मग तिसरी. भाद्रपद संपेपर्यंत पांच मेंढ्या व दोन वाढतीं कोकरें गेलीं. सात जनावरें म्हणजे आमच्या कळपाचा मोठा वांटा, आणि त्यांचे पैसे आम्हीं एका पतपेढींतून काढलेल्या कर्जाचे होते. त्या महिन्यांत आम्हीं उभयतांनीं एकमेकांशीं फारसें भाषण केलें नाहीं. मुंबईच्या जुन्या कचेरींत एखादी जागा आहे काय, असें विचारणारें पत्रहि लिहून ठेविलें होतें.

तालुक्याचे पशुवैद्य आले, त्यांनीं शेवटच्या मेंढीचें पोट उघडून दाखविलें. चौथ्या पोटाच्या आंत दोरीच्या तुकड्यांसारखे बारीक, तांबडे-पांढरे पीळ असलेले असंख्य जंत वळवळत होते. हे रक्त पिणारे जंत. मेंढी मेली ती रोगानें नव्हे, रक्त संपून. रक्त पातळ झालें म्हणजे त्यांतील पाणी झिरपून जबड्याखालीं उतरतें; तोच तो फुगवटा.

याचें चक्र असें आहे. जंतांचीं अंडीं लेंडीबरोबर गवतावर पडतात. पावसाळ्याच्या उबेंत व ओलींत पांच-सात दिवसांत त्यांतून अळ्या निघून अंगांत शिरण्याजोग्या होतात आणि दंवाच्या ओलाव्याबरोबर गवताच्या पात्यांवर चढतात. मेंढी तें गवत खाते, अळ्या तिच्या पोटांत जाऊन सुमारें तीन आठवड्यांत पुन्हां अंडीं घालूं लागतात. एकेक मादी दिवसास हजारों अंडीं घालते. एकाच कुंपणांत मेंढरें राहिलीं म्हणजे प्रत्येक तीन-चार आठवड्यांस हें पीक दुणावत जातें.

आणि आतां धनगरांच्या चालण्याचा अर्थ आम्हांस उमगला. दिवाळीनंतर वाडा उठतो, घांट उतरतो, आज या शेतांत बसतो, उद्यां त्या. पावसाच्या तोंडावर परत वर येतो. त्यास चारापाण्याची ओढ हें कारण आहेच. परंतु चालत राहिल्यामुळें मेंढरें आपल्या लेंडीवर पुन्हां चरावयास येत नाहींत, आणि त्यांचे जंत मागच्या मागें राहतात. आम्ही एका जागीं बसलेले लहान शेतकरी. आम्हांस चालतां येत नाहीं. तेव्हां तीन एकरांच्या आंतच मेंढरांस चालविलें पाहिजे.

पशुवैद्यांनीं व बाबांनीं मिळून घालून दिलेली पद्धत आम्ही तेव्हांपासून पाळीत आहों. दीड एकराचे बारा तुकडे केले. कुंपणास पैसे नव्हते, म्हणून बाबांनीं आपली जुनी वाघूर दिली. वाघूर म्हणजे रात्रीं मेंढरें कोंडण्याचें दोरीचें जाळें. ती दर चार दिवसांनीं पुढें सरकते. चार दिवस याकरितां कीं, पडलेल्या अंड्यांच्या अळ्या पात्यांवर चढण्याच्या आंत मेंढरें तेथून निघालीं पाहिजेत. आणि तेंच गवत पुन्हां खावयास येईपर्यंत सहा-सात आठवडे जातात. आपल्याकडील उष्ण हवेंत तोंवर बहुतेक अळ्या उपाशी मरतात. सकाळीं दंव सुकल्याशिवाय सोडीत नाहीं. गवत बोटभर राहिलें कीं पुढें हलवितों, कारण अळ्या बहुतेक खालच्या भागांत असतात. मधून मधून शेजाऱ्याचे बैल त्या तुकड्यांत चारतों. मेंढरांचे हे जंत बहुतांशीं बैलांच्या पोटांत तग धरीत नाहींत.

औषधाविषयीं आमची चूक याहून लाजिरवाणी आहे. औषध आमच्याकडे होतें, आणि आम्हीं तें दिलेंहि होतें! पण अंदाजानें, थोडें थोडें, महाग म्हणून पुरवून पुरवून. अपुऱ्या मात्रेनें अशक्त जंत मरतात आणि औषधास न जुमानणारे शिल्लक राहतात. पुढची सर्व प्रजा त्यांचीच. तेव्हां वजन करूनच पूर्ण मात्रा द्यावी; काट्याचा हूक व एक झोळी पुरते. आणि सरसकट सर्वांस देऊं नये. ज्या मेंढ्या धडधाकट आहेत त्यांस वगळल्यानें त्यांच्या पोटांतील साधे जंत टिकून राहतात, व औषधाचा गुण लवकर बोथट होत नाहीं. कोणास द्यावें हें डोळ्यावरून ओळखावें: खालची पापणी हलकेंच ओढून आंतील रंग पाहावा. डाळिंबाच्या दाण्यासारखा तांबडा असला तर ठीक. गुलाबी असला तर नजर ठेवावी. कागदासारखा फिका असला तर त्याच दिवशीं औषध. पावसाळ्यांत आम्ही हें दर दहा दिवसांनीं करितों. आमच्या सौभाग्यवतीचा हात व नजर या कामीं आमच्याहून पुष्कळ चांगली आहे, आणि हल्लीं वस्तीवरच्या बायकाहि आपल्या शेळ्या तिला दाखवावयास आणतात.

लसींविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण त्यांत वादाला जागा नाहीं. पहिल्या पावसानंतर लुसलुशीत गवत खाऊन धष्टपुष्ट कोकरेंच एकाएकीं मरतात, तो आंत्रविषार. त्याची लस वैशाखांतच टोचून घ्यावी, आणि पहिल्या वर्षीं दोन-तीन आठवड्यांनीं पुन्हां. शेळ्यामेंढ्यांच्या बुळकांडीसारख्या सांथीची, म्हणजे पीपीआरची, लस एकदां टोचली कीं सुमारें तीन वर्षें पुरते. देवीची लस दर वर्षीं. लस बर्फांतून आणावी लागते. खिशांत घालून आणलेली लस टोचणें म्हणजे पाणी टोचणें होय. पैदाशीचा मेंढा दोन वर्षांनीं बदलावा, नाहीं तर तो आपल्याच मुलींस फळवितो. पंचवीस-तीस मेंढ्यांस एक नर पुरे. राज्याचें पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नांवाचें मेंढी व शेळी विकास महामंडळ पुण्यास आहे. त्याच्या प्रक्षेत्रांवरून पैदाशीचे नर मिळतात.

लांडग्यांची भीति नवीन माणसास फार असते. आमच्या माळांवर लांडगे आहेत हें खरें, आणि गेल्या सालीं एक कोकरूं गेलेंहि. परंतु गांवचीं मोकाट कुत्रीं लांडग्याहून वाईट. लांडगा एक उचलतो व जातो, कुत्रीं दहांस फाडून ठेवतात. रात्रीं वाघूर आणि तिच्या आंत एक चांगला धनगरी कुत्रा, याशिवाय दुसरा उपाय आम्हांस ठाऊक नाहीं.

शेवटीं पैशाचा प्रश्न, कारण तोच सर्व जण प्रथम विचारतात. लोकरीवर भरंवसा ठेवूं नये. दख्खनी लोकर राठ; वर्षांतून दोनदां कातरावी लागते, आणि कातरणाराची मजुरी देऊन हातीं कांहीं उरत नाहीं. पूर्वीं सनगर लोक तिचें सूत विणून, त्यास चिंचोक्याची खळ देऊन घोंगड्या करीत. अजूनहि कोठें कोठें करितात. आम्हीं गेल्या वर्षीं आमच्याच मेंढ्यांच्या लोकरीची एक घोंगडी करवून घेतली. तिला जो खर्च आला त्यांत बाजारांतील दोन ब्लँकिटें आलीं असतीं. पण पावसांत माळावर बसावयास ब्लँकिट चालत नाहीं.

खरें उत्पन्न कोकरांचें, आणि त्याच्या खालोखाल खताचें. शेजारी आपल्या शेतांत मेंढरें बसविण्याबद्दल रात्रीप्रमाणें धान्य किंवा पैसे देतात. आमच्या स्वतःच्या बाजरीस तीन वर्षांत विकतचें खत घातलें नाहीं. तरी पण स्पष्ट सांगतों कीं, पंधरा-वीस मेंढ्यांवर शहरी संवयीचें कुटुंब चालणार नाहीं. आमचें चालतें तें बाजरी, मेंढरें, सहा कोंबड्या आणि आमच्या हिच्या शिवणयंत्रावर मिळून. पतपेढीचें कर्ज फिटावयास पांच वर्षें लागलीं. दुकानांतून एक गोष्ट उधार न आणतां लागलीं, हेंहि सांगितलें पाहिजे. ज्यांना पहिल्याच वर्षीं नफा पाहिजे त्यांनीं या वाटेस जाऊं नये.

मुंबईस लिहिलेलें तें पत्र आम्हीं टाकलें नाहीं. तें घडी करून हजेरीच्या वहींत ठेविलें आहे, आणि तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर आम्ही पापण्यांचे रंग लिहितों. सध्यां कळपांत एकवीस मेंढ्या आहेत. त्यांपैकीं चौदा गाभण असाव्यात, असें बाबा पोटास हात लावून सांगतात. यंदां त्यांच्या डोळ्यांना कमी दिसतें, म्हणून पापण्या आम्हीच पाहून त्यांना रंग सांगतों. पहिल्या मेंढीचे दिवस कार्तिकांत भरतील.